घरात माणसं चार, मत एक

८ जून २०१७ रोजी मी ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिलं. तेव्हा माझा पासपोर्ट भारतीय होता, आजही भारतीयच आहे. तिथे जाऊन मला जेमतेम नऊ महिने झाले होते. पुण्याच्या कंपनीनं ऑनसाइट पाठवलं होतं आणि प्रोजेक्ट संपला की परत यायचं हे ठरलेलं होतं. तरीही युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या वाटाघाटी ब्रिटनच्या वतीनं कुणी करायच्या, हे ठरवायला सरकारनं मला बोलावलं.

ज्यांच्या घरात मी भाड्यानं राहत होते, ते नवरा-बायको तिथे दहा वर्षं राहत होते. कर भरत होते, घराचे हप्ते फेडत होते, मुलीला तिथल्या शाळेत घालून मोठी करत होते. वाटाघाटी त्यांच्यासारख्यांच्या भवितव्याबद्दलच होत्या. त्यांना मत नव्हतं.

हे सांगितलं की बहुतेकांना वाटतं, मी काहीतरी उलटं बोलतेय. म्हणून जरा मागून सांगते.

स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेला, ट्रेननं तासाभरावरचं शहर. बघण्यासारखं काय, तर 'मॅजिक राउंडअबाउट' नावाचा चौक. पाच छोटी वर्तुळं आणि त्यांच्यामधून उलटसुलट फिरणाऱ्या गाड्या. शिवाय रेल्वेचं जुनं वर्कशॉप, गोदामं, गाड्यांचे कारखाने. आणि गोंयकार. हजारो गोंयकार. चर्चमध्ये कोंकणी मिस होते, दुकानात रेशाद मसाला मिळतो. मी मूळची सावंतवाडीची. खोली शोधताना फोनवरच्या बाईनं "तू खंयची?" असं विचारलं, तेव्हाच मी भाडं न विचारता हो म्हणून टाकलं.

अंकल बार्देशातले. तरुणपणी मुंबईत, धोबीतलावच्या कुडात राहिलेले. कुड म्हणजे बोटीवर नोकरी शोधणाऱ्या गोंयकारांचं गावागावाचं वसतिस्थान. त्यामुळे त्यांचं मराठी मुंबईचं, हिंदी मुंबईची आणि बाकी सगळं कोंकणी. वीस वर्षं बोटीवर काढून ते स्विंडनच्या एका गोदामात रात्रपाळीला लागले. आंटी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करायच्या. मुलगी पंधरा वर्षांची. ती आईबाबांशी कोंकणीत सुरू करून इंग्रजीत भांडण संपवायची.

तिघांचेही पासपोर्ट पोर्तुगीज होते.

अंकलचा जन्म १९५८चा, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज असतानाचा. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आलं आणि पोर्तुगीज गेले. पण पोर्तुगालच्या कायद्यानं तेव्हाच्या गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगू शकतो. त्याची मुलंही आणि नातवंडंही. लिस्बनला जन्माची नोंद करायची, पासपोर्ट घ्यायचा, भारताचा पासपोर्ट परत करायचा. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपियन समुदायात असल्यामुळे तो पासपोर्ट युरोपभर चालायचा. ज्या देशात कधी राहिलो नाही त्याचे नागरिक व्हायचं आणि तिसऱ्याच देशात जाऊन पोट भरायचं. अशी हजारो कुटुंबं ब्रिटनला आली.

आता माझं. ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा कुठलाही कॉमनवेल्थ नागरिक तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. विद्यार्थी असो, ऑनसाइट आलेला इंजिनियर असो. साम्राज्याच्या काळात राणीची प्रजा ब्रिटनमध्ये राहत असेल तर तिला मताचा हक्क असे. साम्राज्य गेलं, हक्क कॉमनवेल्थच्या नावाखाली तसाच राहिला. एप्रिल १९४९ मध्ये लंडनच्या परिषदेत नेहरूंनी भारत प्रजासत्ताक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहील असं मान्य करून घेतलं. त्याचं फळ अडुसष्ट वर्षांनी स्विंडनमध्ये मला मिळालं.

युरोपियन युनियनच्या नागरिकांना मात्र तेव्हा फक्त नगरपालिकेसारख्या स्थानिक आणि युरोपियन संसदेच्या निवडणुकीत मत होतं. देशाच्या निवडणुकीत नाही. अपवाद आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस. २३ जून २०१६च्या सार्वमतालाही हाच नियम होता. म्हणजे युरोपात राहायचं की नाही हे ठरवताना ब्रिटनमधल्या तीस लाखांहून जास्त युरोपीय लोकांपैकी बहुतेकांना कुणी विचारलंच नाही.

सावंतवाडीहून गोव्याला जाताना बांद्याच्या पुढे पत्रादेवी लागते. आता तिथे चेकनाका आहे आणि १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या सत्याग्रहींचं स्मारक आहे. त्या रेषेच्या अलीकडे इंग्रजांच्या छत्राखालचं संस्थान होतं, पलीकडे पोर्तुगीज. माझ्या आजोबांचं घर अलीकडे, अंकलच्या वडलांचं पलीकडे. दोन घरांमध्ये चाळीस-पन्नास किलोमीटर. आमटीतलं खोबरं तेच, मासे तेच, शिव्यासुद्धा बऱ्याचशा त्याच. पण त्या रेषेमुळे स्विंडनमध्ये एकाच टेबलावर जेवणाऱ्या आमच्यात एकीला मत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

१८ एप्रिलला थेरेसा मे यांनी अचानक निवडणूक जाहीर केली. त्याआधी वीसच दिवस, २९ मार्चला, त्यांनी कलम ५० लागू करून युरोपियन युनियनला सोडचिठ्ठीची नोटीस दिली होती. दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं होतं. संसदेत त्यांचं बहुमत होतं, पण थोडक्याचं. वाटाघाटींना बसण्याआधी ते वाढवून घ्यायचं, असा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी संसदेनं ५२२ विरुद्ध १३ मतांनी होकार दिला.

आंटींनी बातमी बघितली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. त्यांना मार्चमधली एक गोष्ट पक्की आठवत होती. इथे आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांच्या हक्कांची हमी आत्ताच द्या, अशी दुरुस्ती वरिष्ठ सभागृहानं केली होती आणि १३ मार्चला खालच्या सभागृहानं ती काढून टाकली. सरकारचं म्हणणं, आधी युरोपातल्या ब्रिटिशांची हमी मिळू दे, मग बघू. "म्हणजे आम्ही पत्त्यातली पानं," आंटी म्हणाल्या. "कधी टाकायची ते त्यांनी ठरवायचं."

त्यांच्या कपाटात एक फॉर्म पडून होता. कायमच्या वास्तव्याच्या दाखल्याचा, ८५ पानांचा. पाच वर्षांचे पगाराचे कागद, प्रत्येक प्रवासाच्या तारखा. अंकलच्या रात्रपाळ्या एजन्सीमार्फत होत्या, एजन्सी तीनदा बदललेली. रविवारी जेवण झालं की आंटी जुन्या पिशव्या उघडून बसायच्या आणि मी लॅपटॉपवर तारखांचा तक्ता करायचे. २०११च्या मे महिन्यात गोव्याला किती दिवस होतो? आंटी लग्नाच्या अल्बममधून तारीख काढायच्या. कुणाचं लग्न, कुणाचं मरण, यावरून ब्रिटनमधला मुक्काम सिद्ध करायचा.

माझं मतदार यादीत नाव घालायला मात्र पाच मिनिटं लागली. फोनवरून. नाव, पत्ता, जन्मतारीख, नॅशनल इन्शुरन्स नंबर. काही दिवसांनी पोल कार्ड आलं. अंकलनी ते दारातून उचलून आणलं, उलटसुलट बघितलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"तुका मत आसा गो," ते हसत म्हणाले, "म्हाका ना."

मी सावंतवाडीला फोन केला. बाबा शाळेत शिक्षक होते, निवडणुकीच्या ड्युट्या करून करून त्यांना मतदानाचे सगळे नियम पाठ. त्यांचा विश्वासच बसेना. "अगं, पण तू तिकडची नाहीस ना?" मग म्हणाले, "आणि इकडचं काय?" इकडचं असं, की परदेशात राहणारा भारतीय यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावं लागतं. फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक झाली तेव्हा मी स्विंडनमध्येच होते. गावात मत द्यायला विमानाचं तिकीट लागतं आणि परदेशात द्यायला फोन पुरतो, यावर बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दे. पण विचार करून दे. तुला त्याचे परिणाम भोगायचे नाहीत, म्हणून जास्त विचार कर."

ऑफिसात दुपारी आम्ही सात-आठ भारतीय एकत्र डबे खायचो. तिथे वेगळंच गणित चालायचं. हे युरोपवाले कमी झाले की आपल्याला व्हिसा सोपा होईल, असं एकाला ठामपणे वाटायचं. ही कल्पना त्याची एकट्याची नव्हती. सार्वमताच्या वेळी प्रीती पटेल यांनी 'करी हाउस वाचवा' अशी मोहीमच चालवली होती. युरोपातून वाटेल तितके येतात म्हणून दक्षिण आशियातल्या स्वयंपाक्यांना व्हिसा मिळत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. "आणि ते पोर्तुगीज पासपोर्टवाले," तो म्हणाला, "ते तर मागच्या दारानं आलेत. आपण परीक्षा देऊन, इंटरव्ह्यू देऊन आलो." मी सांगितलं, मी त्यांच्याच घरी राहते. तो म्हणाला, "तुझ्या घरमालकांबद्दल नाही गं, जनरल बोलतोय."

जनरल बोलायला सोपं असतं. पण मी दोन्ही मोठ्या पक्षांचे जाहीरनामे डाउनलोड करून वाचले आणि त्याचं गणित तिथेच फसलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष देशात येणाऱ्यांची निव्वळ संख्या वर्षाला लाखाच्या खाली आणणार होता आणि त्यात आम्हीही मोजले जाणार होतो. आमच्यासारख्यांकडून घेतला जाणारा आरोग्य अधिभार वर्षाला ६०० पौंड करणार होता. परदेशी माणूस नेमणाऱ्या कंपनीवरचा आकार दुप्पट करून २,००० पौंड. युरोपवाल्यांनी रिकामी केलेली खुर्ची आपल्यासाठी कुणी पुसून ठेवलेली नव्हती. लेबरच्या जाहीरनाम्यात युरोपीय रहिवाशांना ताबडतोब हमी देऊ असं स्पष्ट लिहिलं होतं. पण युरोपातून मुक्तपणे येणं-जाणं थांबेल हे त्यांनीही मान्य केलं होतं.

मला वाटलं, आता सोपं झालं. मला इथे राहायचं नाही, माझं पणाला काही नाही. ज्यांचं पणाला आहे त्यांना मत नाही. मग माझं मत त्यांना देऊन टाकावं. त्यांनी सांगावं, मी पेन्सिलीनं फुली मारावी. मला स्वतःचं कौतुकही वाटलं असावं. रविवारी जेवताना मी विचारलं, "तुम्हाला मत असतं तर कुणाला दिलं असतं?"

आंटी लगेच म्हणाल्या, लेबर. हमी देतायत ना.

अंकलनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "मी मे बाईला दिलं असतं."

आंटींचा हात थांबला. अंकल शांतपणे बोलत राहिले. गोदामात आता पूर्व युरोपातून एवढे लोक येतात की ओव्हरटाइम मिळत नाही, एजन्सी पगार वाढवत नाही. सार्वमतात मत असतं तर आपण बाहेर पडायच्या बाजूनंच दिलं असतं. दार कधीतरी बंद करावंच लागतं.

"आणि आपण कुठल्या दारानं आलो?" आंटींनी विचारलं.

"आपण आलो तेव्हा उघडं होतं."

मुलगी म्हणाली, जो कॉलेजची फी माफ करेल त्याला. ते लेबर करणार होते. वर्षाची फी ९,२५० पौंडांवर गेली होती. "तू पंधरा वर्षांची आहेस," अंकल म्हणाले. "आणि तू पोर्तुगीज आहेस," ती म्हणाली. सगळे हसले, पण आंटींनी त्या रात्री अंकलचा डबा भरला नाही.

माझ्या हातात एक मत आणि टेबलावर तीन. कुणाचं द्यायचं? ज्यांना मत नाही त्यांची सगळ्यांची इच्छा एकच असते, असं मी धरून चालले होते. मत नसलेल्या माणसाचं नुसतं मतच जात नाही, त्याचं घरातल्या दुसऱ्या माणसापेक्षा वेगळं असणंही कुणाला दिसत नाही. सरकारसाठी ते 'युरोपीय नागरिक', आमच्या डब्याच्या टेबलावर ते 'पोर्तुगीज पासपोर्टवाले' आणि माझ्यासाठी ते 'बिचारे'. अंकल बिचारे नव्हते. त्यांना मे बाईंना मत द्यायचं होतं. ते त्यांच्या वतीनं दुसऱ्या कुणालाच देता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी रात्रपाळीला जाताना अंकल दारात बूट घालत म्हणाले, "आमच्या घरात हे नवं नाही, बाय." मग त्यांनी जनमत कौलाची गोष्ट सांगितली. १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरणाला फुलाचं चिन्ह, वेगळं राहण्याला दोन पानं. अंकल तेव्हा आठ वर्षांचे. आई गावात, तिनं दोन पानांना दिलं. वडील मुंबईच्या कुडात. त्यांनाही दोन पानांनाच द्यायचं होतं, पण गोव्याबाहेरच्या गोंयकारांना मताचा हक्क नव्हता.

आमच्या घरात ही गोष्ट मी उलट्या बाजूनं ऐकली होती. आजोबांना फूल हवं होतं. आपलीच माणसं, आपलीच भाषा, मधे चेकनाका कशाला, असं ते म्हणायचे. आजोबांनाही अर्थातच मत नव्हतं. वेगळं राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. "आणि गंमत माहीत आहे?" अंकल म्हणाले. "दोन महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तर भाऊसाहेब बांदोडकरच पुन्हा निवडून आले." विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं चिन्ह सिंह. लोकांनी फुलाला नाही म्हटलं आणि सिंहाला हो. सार्वमतात एक प्रश्न असतो, निवडणुकीत पन्नास. उत्तर कुठल्या प्रश्नाला दिलं हे नंतर कुणालाच नीट सांगता येत नाही.

ब्रिटनमध्येही तेच झालं. मे यांनी विचारलं होतं, वाटाघाटींसाठी माझे हात बळकट कराल का? लोक दुसरंच बोलायला लागले. म्हातारपणीच्या देखभालीचा खर्च घराच्या किमतीतून वसूल करण्याची योजना जाहीरनाम्यात होती. ती चार दिवसांत बदलावी लागली. आंटींच्या केअर होममधल्या आज्या टीव्हीसमोर बसून त्याबद्दल तावातावानं बोलायच्या. २२ मेला मँचेस्टरला आणि ३ जूनला लंडन ब्रिजवर हल्ला झाला आणि पोलिसांची संख्या का घटवली हा प्रश्न वर आला.

८ जून गुरुवार होता. ऑफिसला जाण्याआधी मी जवळच्या प्राथमिक शाळेत गेले. पोलीस दिसले नाहीत, मशीन नाही, बोटाला शाई नाही. ओळखपत्रही तेव्हा लागत नव्हतं. मी नाव-पत्ता सांगितला, बाईंनी यादीत पट्टी धरून रेघ मारली आणि कागद दिला. दोरीला बांधलेली पेन्सिल. बाबांना हे फोनवर सांगितलं तर त्यांना बोगस मतदानाच्या काळजीनं घाम फुटला असता. मी फुली मारली, घडी केली, पेटीत टाकली. कुणाला दिलं हे मी त्या घरात कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ते माझं होतं. जाहीरनामे वाचून, भांडण ऐकून, पण माझं.

रात्री दहाला मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला एक्झिट पोल आला. कॉन्झर्व्हेटिव्ह ३१४. बहुमत वाढवायला निघालेल्या बाईंनी होतं ते घालवलं होतं. शेवटचा आकडा ३१७ आणि लेबर २६२. स्विंडनच्या दोन्ही जागा मात्र कॉन्झर्व्हेटिव्हकडेच राहिल्या. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ ईस्ट फाइफची जागा २ मतांनी ठरली. १८९२ मध्ये आपले दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरीतून ५ मतांनी निवडून आले होते. दोन मतं म्हणजे अंकल-आंटी, असं मनात आलं. मग लक्षात आलं, त्यांची तर एकमेकांना कापली गेली असती. तरीही ती मोजली तर गेली असती.

वाटाघाटी १९ जूनला सुरू झाल्या. २६ जूनला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या पक्षाच्या १० खासदारांनी सरकारला टेकू द्यायचं कबूल केलं आणि उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंडांचा जादा निधी मिळाला. त्याच दिवशी युरोपीय नागरिकांसाठी 'सेटल्ड स्टेटस'चा प्रस्ताव आला. दहा खासदार असले की काय मिळतं आणि तीस लाख लोकांना मत नसलं की काय मिळतं, हे शेजारी-शेजारी वाचता आलं.

मी २०१८ मध्ये परत आले. २३ एप्रिल २०१९ला पुण्यात लोकसभेसाठी मत दिलं आणि शाईच्या बोटाचा फोटो आंटींना पाठवला. त्यांनी उत्तरादाखल त्यांच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला. तिघांनाही सेटल्ड स्टेटस मिळालं होतं. ८५ पानांचा फॉर्म लागलाच नाही, ॲपनं पासपोर्ट स्कॅन केला. फक्त ते ॲप तेव्हा आयफोनवर चालत नव्हतं, त्यामुळे मुलीला आयुष्यात पहिल्यांदा वडलांचा जुना अँड्रॉइड मागावा लागला.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या दारात लिस्बनहून एक पाकीट आलं. परदेशातल्या पोर्तुगीज नागरिकांची नावं आता यादीत आपोआप जात होती आणि पोर्तुगालच्या संसदेत त्यांच्यासाठी ४ जागा राखलेल्या आहेत. पोर्तुगीज भाषेतली मतपत्रिका, बरोबर परतीचं पाकीट. अंकल आयुष्यात एकदाच, कागदपत्रांसाठी, लिस्बनला गेले होते. त्यांनी फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आता म्हाकाय मत आसा. वाचता येत नाही एवढंच." डिसेंबरात ब्रिटनमध्ये पुन्हा निवडणूक झाली, बोरिस जॉन्सन यांना मोठं बहुमत मिळालं आणि ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडलं. ती निवडणूकही या घरानं टीव्हीवर बघितली.

नागरिकत्वासाठी माणशी तेराशे पौंडांहून जास्त लागत होते. घरानं ते एकीसाठीच भरले. ४ जुलै २०२४ला त्या घरातून पहिल्यांदा कुणीतरी ब्रिटनच्या संसदेसाठी मत द्यायला बाहेर पडलं. आता फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, म्हणून नवा पासपोर्ट पर्समध्ये. आदल्या रात्री जेवताना अंकल एक सांगत होते, आंटी दुसरं. मुलीनं मला व्हॉइस नोट पाठवली. मागे दोघांचं भांडण ऐकू येत होतं.

"ताई, दोघं मला सांगतायत कुणाला द्यायचं ते. मी सांगितलं, तुमचा फॉर्म मी भरून देते, तुमचं तुम्ही द्या."